चित्रपुस्तकांतून मुलांना नकाशा वाचायला कसे शिकवावे?

प्रश्न – रंकाळाकाठ

मी कोल्हापुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. तिसरीत परिसर अभ्यासात जिल्ह्याचा नकाशा समोर येतो, तेव्हा मुले तालुक्यांची नावे पाठ करतात. परंतु पन्हाळा आपल्या कोणत्या बाजूला आहे असे विचारले, की भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवून थांबतात. ही समज त्याआधीच चित्रपुस्तकांच्या आधारे रुजवता येईल असे मला मनापासून वाटते, कारण गोष्ट ऐकताना हीच मुले चित्रातील बारीकसारीक तपशील माझ्याआधी टिपतात. गोष्टीकडून नकाशाकडे कसे वळावे, आणि दिशा व प्रमाण (नकाशातले अंतर म्हणजे जमिनीवरचे किती) या वयात किती शिकवावे?

उत्तर – निवृत्त शिक्षिका, शिवाजी पेठ

ताई, सुरुवात पुस्तकाच्याही आधी जमिनीवर करावी. वर्गाच्या मध्यभागी ताट, वाटी आणि तांब्या मांडून मुलांना प्रथम बसून, डोळे तांब्याच्या उंचीला आणून पाहू द्यावे आणि नंतर बाकावर उभे करून सरळ वरून पाहू द्यावे. बसल्यावर दिसणारा तांब्याचा गळा आणि फुगीर पोट वरून नाहीसे होते आणि एकात एक बसलेली वर्तुळे तेवढी उरतात. मग वस्तूंच्या कडेने खडू फिरवून त्या उचलून घ्याव्यात. फरशीवर जे राहते तो त्या मांडणीचा नकाशा, आणि हे एकदा डोळ्यांनी पाहिले की नकाशा वरून काढतात हे निराळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर असे चित्रपुस्तक निवडावे, ज्यात कोणीतरी घरातून निघते, कोठेतरी जाते आणि परत येते. बाजाराला निघालेली आजी असो किंवा हरवलेले कोकरू शोधणारा मुलगा असो, काहीही चालेल. पहिल्या वाचनात नकाशाचे नावही काढू नये. दुसऱ्या वाचनात पानोपानी थांबून ‘विहीर आधी लागली की देऊळ?’ असे विचारावे आणि प्रत्येक ठिकाणाची चिठ्ठी जमिनीवर मांडत जावे. येथे एक अडचण हमखास येते. पाने ज्या दिशेने वाचली जातात त्याच दिशेने, म्हणजे डावीकडून उजवीकडे, पुस्तकातील पात्र बहुधा चालत असते. त्यामुळे मुले सगळी ठिकाणे एका सरळ ओळीत मांडतात. तेथे ‘आजी परत त्याच वाटेने आली का?’ हा प्रश्न फार उपयोगी पडतो, कारण परतीची वाट वेगळी असेल तर ओळ वाकवून घरापाशी आणावीच लागते.

मुलांच्या चित्रात रस्ते वरून पाहिलेले आणि देवळाचे शिखर मात्र समोरून पाहिलेले असते. कृपा करून ते खोडू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांतही देवळाची खूण समोरून दिसणाऱ्या देवळासारखीच असते. चिन्हे आणि सूची (कोणत्या खुणेचा अर्थ काय, ते सांगणारी यादी) यांची ओळख मुलांच्या त्या शिखरापासूनच करून द्यावी. दिशांसाठी तर आपल्याकडे अंबाबाईचे देऊळ आहे. देवीचे मुख पश्चिमेकडे असून किरणोत्सवात मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात, हे येथल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

उत्तर – भूगोलाचा प्राध्यापक

बाईंच्या पद्धतीला बालमानसशास्त्राचाही आधार आहे. झाँ पियाजे आणि बेर्बेल इन्हेल्डर यांनी 1948 च्या त्यांच्या ग्रंथात तीन डोंगरांच्या प्रतिकृतीचा प्रयोग मांडला आहे. समोर बसलेल्या बाहुलीला डोंगर कसे दिसत असतील असे विचारले असता लहान मुले बहुधा स्वतःला दिसणारेच दृश्य निवडतात. आत-बाहेर, शेजारी, आधी-नंतर हे संबंध आधी कळतात. दुसऱ्याच्या जागेवरून पाहणे आणि अंतर मोजणे पुढे येते. म्हणून दुसरीपर्यंत प्रमाण आकड्यांत शिकवू नये. 1:50,000 च्या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर, हे गणित पुढच्या इयत्तांचे आहे. आत्ता ‘शाळेपासून बिंदू चौक दूर की भवानी मंडप?’ एवढी तुलना पुरे.

किरणोत्सवाविषयी थोडी भर घालतो. तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीस होतो. हे दोन्ही काळ 22 डिसेंबरपासून, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवसापासून, जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्यामुळे सूर्य तेव्हा एकाच जागी, नेमक्या पश्चिमेच्या दक्षिणेकडे मावळतो. लहानांना ‘मावळतीची बाजू’ एवढेच सांगावे. चौथी-पाचवीत मात्र हा फरक अवश्य दाखवावा.

माझा खरा आग्रह वेगळाच आहे. पहिली काही वर्षे नकाशा भिंतीवर टांगूच नये, जमिनीवर अंथरावा आणि त्याची उत्तर बाजू खऱ्या उत्तरेकडे करावी. टांगलेल्या नकाशात उत्तर छताकडे जाते आणि उत्तर म्हणजे उंच, दक्षिण म्हणजे सखल अशी समजूत इतकी घट्ट बसते, की महाविद्यालयात आलेले विद्यार्थीही भोगावती नदी राधानगरीकडून उत्तरेला, म्हणजे नकाशात ‘वर’ कशी वाहते याचे नवल करतात. राधानगरीचा भाग उंच आहे आणि प्रयाग चिखलीचा संगम, जेथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात, सखल भागात आहे, म्हणून पाणी तिकडे येते. कागदाच्या वरच्या-खालच्या कडेशी त्याचा संबंध नाही. नदीची गोष्ट सांगणारे चित्रपुस्तक वाचाल तेव्हा जमिनीवरच्या नकाशात निळा दोरा याच वाटेने ठेवावा आणि पुढे पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते तेथपर्यंत न्यावा.

उत्तर – पालक

पुस्तकांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी विनामूल्य मिळतात; ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांचीही पुस्तके पाहावीत. पावसाची एखादी गोष्ट वाचून झाल्यावर मुलांना घरी विचारायला सांगा, की 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी आपल्या गल्लीत कोठपर्यंत आले होते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी ही मुले दर पावसाळ्यात ऐकतातच.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोमवारी ताट-तांब्यापासून सुरुवात करते. सर, माझ्या वर्गाच्या खिडक्या पूर्वेकडे आहेत आणि फळा दक्षिणेच्या भिंतीवर आहे. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या मुलांना जमिनीवरचा नकाशा उलटा दिसेल, तो तसाच ठेवावा का?

भूगोलाचा प्राध्यापक

तसाच ठेवावा. नकाशा फिरवू नका, मुलांनाच उठवून नकाशाभोवती गोल बसवा. अक्षरे उलटी दिसणारी मुले असतील, त्यांना पुढच्या वेळी जागा बदलू द्या.