काडतुसांच्या विक्रीवर नोंद होती, ती काढली गेली

वर एकांनी म्हटलंय की अमेरिकेत काडतुसांवर केंद्रीय कायदा कधी नव्हताच. तसं नाही. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार काडतुसं विकायला परवाना लागायचा आणि गिऱ्हाइकाचं नाव, वय, पत्ता वहीत लिहून ठेवावा लागायचा. 1986 साली अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) हे दोन्ही काढून टाकलं (चिलखतभेदी गोळ्यांवरची बंधनं तेवढी राहिली). कारण काय, तर वह्यांचे ढीग साचले, पण त्यातून गुन्हेगार फारसे हाती लागेनात. आता हाताने लिहिलेल्या हजारो वह्या कोण चाळणार? दोष नोंदीचा की कागदाचा, हा माझा प्रश्न.

गंमत पुढे आहे. शिक्षा झालेल्या गुन्हेगाराने काडतूस जवळ बाळगणं आजही केंद्रीय गुन्हाच आहे, पण दुकानदाराने त्याची पार्श्वभूमी तपासावी असं केंद्रीय कायदा सांगत नाही. म्हणजे बंदी आहे, दारावर विचारणारं कोणी नाही! 2012 साली कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे चित्रपटगृहात गोळीबार करणाऱ्या हल्लेखोराने काही हजार गोळ्या ऑनलाइन मागवल्या होत्या.

कॅलिफोर्नियाने 2019 पासून प्रत्येक खरेदीला तपासणी लावली, त्यावर कोर्टकज्जे झाले. शिवाय एका राज्याने कितीही आवळलं तरी शेजारचं नेवाडा आहेच.

काडतुसांची विक्री आवळली तरी लोक ती घरी प्रेसवर (हाताने दाबायच्या यंत्रावर) भरतात, हा मुद्दा मात्र खरा आहे. रिकामं कवच, प्रायमर (बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टिकली), बंदुकीची दारू आणि शिशाची गोळी आणली की झालं. प्रायमरच्या विक्रीचं काय करायचं, यावर इथे अजून कोणी बोललेलं नाही.