पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. चाळिशी आली तरी भीती जात नाही

पायाळू बाई:

माझा जन्म घरीच झाला, सुईणीच्या हातचा. आधी पाय आले, मग मी. गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. ज्यांना पायाळू म्हणजे काय हे माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कुणाची पाठ धरली, उसण भरली की मला बोलावणं यायचं. माणूस ओसरीवर पालथा पडायचा, मी त्याच्या कमरेला हळूच लाथ मारायची आणि लिमलेटची गोळी घेऊन परत यायची. तो भाग मजेचा होता.

दुसरा भाग हा, की पायाळूवर वीज पडते. आभाळ गडगडायला लागलं की आजी अंगणात विळा फेकायची आणि मला मधल्या खोलीत घोंगडीखाली बसवायची. हातातल्या बांगड्यासुद्धा काढायला लावायची.

मी चौथीत असताना हस्ताचा पाऊस आला. आम्ही वावरात होतो, धावत घरी निघालो. तेवढ्यात शेजारच्या वावरात लिंबाच्या झाडावर वीज पडली. खाली बांधलेले दोन बैल जागीच गेले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, झोपल्यासारखे पडले होते. झाड मात्र वरपासून खालपर्यंत सोललेलं. संध्याकाळी घरी बाया जमल्या तेव्हा आजी म्हणाली, "पोरगी वावरात होती. तिचं त्या मुक्या जनावरांवर गेलं." तिला कदाचित मी वाचल्याचा आनंद झाला असेल. मी मात्र ते दोन बैल आजवर डोक्यावर घेऊन फिरते आहे.

आता नाशिकला फ्लॅटमध्ये राहते, सातवा मजला. वीज चमकायला लागली की मी बाथरूममध्ये जाऊन बसते, कारण तिथं मोठी खिडकी नाही. बादली पालथी घालून बसायचं, एका हातात नळ घट्ट धरायचा आणि डोळे मिटायचे. नवऱ्याला सवय झाली आहे. पण गेल्या आठवड्यातल्या वादळात आठ वर्षांची लेक माझ्या मागोमाग आत आली आणि विचारलं, "आई, मीपण पायाळू आहे का?" गंमत म्हणजे तीही पोटात उलटीच होती, म्हणून तर सिझर झालं. मला उत्तर देता आलं नाही.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. घरात नक्की कुठं बसावं? गावी वडील ७० वर्षांचे आहेत, सोयाबीन काढणीच्या दिवसांत पाऊस आला की ताडपत्री घेऊन गंज झाकायला पळतात, त्यांना काय सांगू? आणि लेकीला काय सांगू? "अंधश्रद्धा आहे, सोडून द्या" एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका. ते मलाही माहीत आहे.

उसणग्रस्त:

ताई, बाकीचं जाणकार सांगतील. चार दिवस झाले कमरेतून वाकता येत नाही. नाशिकला कुठं राहता?

निवृत्त वायरमन:

ताई, आधी बाथरूममधून बाहेर या. मग बोलू.

चेष्टा करत नाही. अख्ख्या घरात तुम्ही नेमकी चुकीची जागा शोधली आहे, आणि वर नळ धरून बसता. टाकी कुठं असते? गच्चीवर, इमारतीच्या सगळ्यात उंच जागी. तिथून पाइप थेट तुमच्या हातातल्या नळापर्यंत. जुन्या इमारतीत ते लोखंडी असतात. आता प्लॅस्टिकचे आले, धोका कमी झाला, पण आत पाणी असतंच आणि नळ धातूचाच असतो. म्हणून गडगडाट चालू असताना अंघोळ नको, भांडी घासणं नको, वॉशिंग मशीनला हात नको. नाहीतर पक्क्या इमारतीत तुम्ही चांगल्याच सुरक्षित आहात. हॉलमध्ये किंवा आतल्या खोलीत, खिडकीपासून चार हात लांब, भिंतीला न टेकता बसा. बाल्कनीत उभं राहून व्हिडिओ काढू नका.

दुसरं, टीव्ही, फ्रिज, वाय-फायचा डबा यांचे प्लग काढा, पण आभाळ गडगडायच्या आधी. वीज डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावायचा नाही, मग जळाला टीव्ही तर जळाला. लोक मला सांगतात, आम्ही बटण बंद केलं, एमसीबी पाडली. अहो, जी ढगापासून किलोमीटर-किलोमीटर हवा फाडत खाली येते, तिला बटणातली ती दोन-तीन मिलिमीटरची फट काय अडवणार?

मोबाइलचं विचाराल म्हणून सांगतो. मोबाइल वीज ओढत नाही. हातात असू द्या, बोला. चार्जरला लावलेला असेल तर मात्र नको. तारेचा लँडलाइन कुणाकडे उरला असेल तर तोही नको.

एक काम करा. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर तडितरक्षक, म्हणजे वीज झेलून जमिनीत नेणारा तो धातूचा त्रिशूळ, आहे का बघा. असेल तर त्याची पट्टी खाली जमिनीपर्यंत सलग गेली आहे का तेही बघा. मी नोकरीत असताना किती ठिकाणी पाहिलं, वर त्रिशूळ दिमाखात उभा आणि खाली दोन मजल्यांची तांब्याची पट्टी भंगारवाल्याकडे पोचलेली. तसला त्रिशूळ नसलेला बरा. आलेली वीज जमिनीत न्यायला वाटच नाही, मग ती स्वतःची वाट शोधते. गच्चीवर खिळा ठोकला की झालं, असा पुष्कळांचा समज असतो. खरं काम जमिनीखालच्या अर्थिंगचं.

सोयाबीनवाला:

ताई, मी परभणीचा. तुमच्या त्या बैलांबद्दल सांगतो, कारण माझीपण एक म्हैस अशीच गेली, बाभळीखाली.

वीज झाडावर पडली की तिथंच संपत नाही. बुंध्यातून खाली येऊन जमिनीत चारी बाजूंना पसरते. बुडाशी जोर जास्त, लांब गेलं की कमी. जनावराचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांच्यात चार-पाच फुटांचं अंतर. पुढच्या पायाखाली विजेचा एक दाब, म्हणजे व्होल्टेज, मागच्या पायाखाली दुसरा, मग ती एका पायातून शिरते आणि दुसऱ्यातून निघते. मधे काळीज असतं. म्हणून अंगावर जखम दिसत नाही. माणसाचे दोन पाय जवळ असतात म्हणून माणूस कधी कधी वाचतो, त्याच जागी जनावर वाचत नाही. अंगावर थेट वीज पडून मरणारे थोडे, अशी जमिनीतून लागून किंवा झाडावरून उडी मारून लागलेलेच जास्त. त्या बैलांना लिंबाने मारलं. तुम्ही वावरात असता-नसता, त्यांचं व्हायचं ते झालंच असतं.

वडिलांचं अवघड आहे. मीपण पळतोच की. वर्षाचं पीक गंजीत पडलेलं असतं, आभाळ काळं झालं की डोकं चालत नाही. आमच्याकडे गेल्या दोन वर्षांपासून मी एकच नियम केला आहे. काढणीच्या दिवसांत सकाळी ऊन असलं तरी ताडपत्री गंजीवरच ठेवायची, कडेला दगड लावून, एका बाजूने उघडी. वेळ आली की ओढायला दोन मिनिटं लागतात. वाशिमच्या मेव्हण्याने हसून घेतलं आधी. आता तोपण तसंच करतो.

मोबाइलवर दामिनी ॲप घालून द्या त्यांना. पुण्याला पाषाणमध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्राची केंद्र सरकारची संस्था आहे, त्यांचं आहे. तुमच्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या गोलात वीज कुठं पडते आहे ते दाखवतं. आमच्या रानात रेंज जाते-येते, म्हणून मी त्याच्यावर सगळा भार टाकत नाही. कानाने गडगड ऐकली की निघायचं. डोक्यावर ऊन असलं तरी. पाऊस यायची वाट बघणारेच सापडतात.

आणि वावरातल्या पत्र्याच्या शेडला घर समजू नका म्हणावं. चारी बाजूंनी उघडं असतं ते. पक्कं घर गाठायचं, नाहीतर टपाची बंद गाडी, काचा वर करून. रस्त्यावर एसटी दिसली तर चढून बसावं. उघडा ट्रॅक्टर काही कामाचा नाही, त्याच्यावरून उतरा. काहीच नसलं तर एकट्या झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, विहिरीवरच्या मोटारीपासून लांब, खोलगट जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. चार माणसं असतील तर एकमेकांना चिकटून नको, पांगून बसायचं. हे उकिडवं बसणं म्हणजे काही कवच नाही, नाइलाज आहे.

धानपट्टीची सिस्टर:

मी गोंदिया जिल्ह्यात नर्स आहे. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत बाया बांधीत घोटाभर पाण्यात वाकून असतात, वीस-वीस जणी एका ओळीत. वीज पडली की एकदम पाच-सहा जणी येतात. देशात २०२२ साली विजेने २,८८७ माणसं गेली, सरकारी नोंद आहे. त्यात फ्लॅटच्या हॉलमध्ये बसलेले किती सापडतील? मरण उघड्यावर आहे ताई, शेतात आहे. भीती तुम्हाला वाटते आणि धोका तुमच्या बाबांना आहे.

एक गोष्ट इथं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. लगेच हात लावा. आमच्याकडे लोक आधी घाबरून लांब उभे राहतात, मग कुणीतरी शेणात पुरायला सांगतो. छत्तीसगडच्या बाजूला हे अजून चालते. त्यात जो वेळ जातो त्यातच माणूस जातो. जे कण्हत आहेत, रडत आहेत, ते बहुतेक वाचतात. जो निपचित पडला आहे, श्वास नाही, त्याच्याकडे आधी जा. दुसऱ्या अपघातात आम्ही उलटं करतो, इथं हे. विजेने काळीज थांबते, कधी कधी ते आपलं आपण चालूही होते, पण श्वास बंदच राहतो आणि मग काळीज पुन्हा थांबते. म्हणून छाती दाबायची आणि तोंडाने श्वासपण द्यायचा, १०८ येईपर्यंत. आणि हे सगळं जागा सुरक्षित असेल तर, नाहीतर आधी त्याला उचलून आत न्या.

पायाळूचं तर मी रोजच बघते. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळांत तीन-चार बाळं अशी असतात. सातव्या महिन्यात तर कितीतरी उलटी असतात, नंतर फिरतात. वीज प्रत्येकीचं बाळंतपणाचं कार्ड वाचून पडते का? तुमच्या लेकीला सांगा, तुझे पाय आधी यायला निघाले होते, डॉक्टरांनी मधेच वरून दार उघडलं.

चिंचवडकर:

ताई, मलाही ही भीती होती. त्याला ॲस्ट्राफोबिया असं भारदस्त नाव आहे हे समुपदेशकाकडे गेल्यावर कळलं. नाव कळून काही फरक पडला नाही, मोजण्याने पडला.

लखलखाट दिसला की मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आलेल्या आकड्याला तीनने भागलं की तेवढे किलोमीटर. उजेड लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आकडा आला की बाहेर असाल तर आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आधी समुपदेशकांनी गडगडाटाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात ऐकवलं होतं, दर आठवड्याला थोडं मोठं. पहिल्या दिवशी मी खोलीतून उठून गेलो होतो. वय तेव्हा ४४.

लेकीसमोर "मला भीती वाटत नाही" असं नाटक करू नका. मुलांना कळतं.

पायाळू बाई:

सगळ्यांचे आभार. परवा पुन्हा वादळ आलं म्हणून लिहिते आहे.

बाथरूमचं दार मी बाहेरून कडी लावून बंद केलं, माझ्यासाठीच. हॉलच्या मधोमध सतरंजी टाकून दोघी बसलो. लेकीला सांगितलं, मला भीती वाटते, तू मोज. पहिला आकडा आला अकरा. तिने वहीत भागाकार केला, बाकी दोन उरली म्हणून वैतागली. मग आठ, मग सहा. चारला माझे हात गार पडले. दोनला मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, "आई, मोजता येत नाहीये!" मग परत पाच, नऊ, चौदा. शेवटी शेवटी ती कंटाळून झोपली. मी अर्धा तास घड्याळ बघत बसले.

बाबांना फोन करून तीस वर्षांत पहिल्यांदा बैलांचा विषय काढला. त्यांना सगळं आठवत होतं. बैल लिंबाला लोखंडी साखळीने बांधलेले होते, आणि त्यांचा मालक मरेपर्यंत स्वतःलाच बोल लावत होता, की वेळेत सोडले का नाहीत. आजी काय म्हणाली होती ते बाबांना माहीतच नव्हतं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं व्हतं ऐकायला?" ताडपत्रीचं त्यांना पटलं. ॲप नको म्हणाले, शेजारच्या पोराच्या मोबाइलमध्ये आहे, तो हाक मारतो.

वायरमन काका, गच्चीवर जाऊन आले. त्रिशूळ आहे. पट्टी तिसऱ्या मजल्यापर्यंत दिसते, त्याखाली नुसत्या खुंट्या. सेक्रेटरींना फोटो पाठवला आहे, रविवारच्या मीटिंगला विषय ठेवतो म्हणाले.

उसणग्रस्त दादा, खरंच आलात तर कळवा. फी एक लिमलेटची गोळी. लेक म्हणते तिलाही लाथ मारून बघायची आहे.