टेपने काढलेले कोकराचे वजन कितपत खरे?

माणकाठचा मेंढपाळ, सांगोला
आमच्या खांडात दख्खनी आणि माडग्याळ अशा दोन्ही जातींच्या मेंढ्या असून यंदाची कोकरे तीन ते पाच महिन्यांची झाली आहेत. जंताचे औषध वजनावर द्यावे लागते आणि बाजारात व्यापारी पाठ चाचपून उक्ता भाव सांगतो. वजन ठाऊक नसल्यामुळे दोन्हीकडे आमचा अंदाजपंचे कारभार चालतो. छातीचा घेर व लांबी यांवरून वजन काढण्याचे सूत्र गाईगुरांचे आहे असे ऐकतो. ते कोकरांना लागू पडते का, आणि माप नेमके कोठे घ्यावे?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, मोहोळ
सूत्र लागू पडते, परंतु त्याच्या मर्यादेत. छातीच्या घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे आणि 10,840 ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये घेतल्यास उत्तर किलोत येते. घेर 62 आणि लांबी 54 असेल तर वजन सुमारे 19.1 किलो भरते. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, कोपराला लागून घ्यावा, आणि लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत सरळ मोजावी. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून टेप टाकणारे बरेच असतात, त्यांचे उत्तर हमखास जास्त येते.

येथे घेराचा वर्ग होतो, ही गोष्ट विसरू नये. वरच्याच कोकराचा घेर 62 ऐवजी 63 धरला गेला तर वजन सुमारे 600 ग्रॅमने वाढते, तर लांबीतील तेवढ्याच चुकीने 350 ग्रॅमचा फरक पडतो. त्यामुळे खरी काळजी घेराचीच घ्यावी. दख्खनीची लोकर वाढलेली असेल तर ती बोटांनी बाजूला सारून टेप कातडीला टेकवावा, मात्र आवळू नये. कोकरू चारही पायांवर सरळ उभे आणि मान समोर हवी; मान खाली घालून ओढाताण करणाऱ्या कोकराचे माप घेण्यात अर्थ नाही. माप सकाळी, चरायला सोडण्यापूर्वी घ्यावे, कारण भरल्या पोटी वजन वाढते आणि घेरावर ते पुरते दिसत नाही. शिंप्याचा कापडी टेप वापराने ताणला जातो, म्हणून अधूनमधून तो लोखंडी पट्टीशी ताडून पाहावा.

मंगळवेढ्याचा एक मेंढपाळ
यात एक भर घालतो. माडग्याळ कोकरू उंच, लांब आणि अंगावर लोकर कमी, तर दख्खनी ठेंगणे. दोघांना एकच आकडा लावणे मला पटत नाही. शेजाऱ्याचा ताणकाटा एक दिवस मागून आणावा, प्रत्येक जातीची वीस-पंचवीस कोकरे झोळीत घालून तोलावीत आणि त्याच वेळी टेपही लावावा. काट्याचे वजन भागिले सूत्राचे वजन, याची सरासरी काढली की आपल्या खांडाचा गुणक मिळतो. तो 0.94 आला तर पुढे सूत्राचे प्रत्येक उत्तर त्याने गुणायचे. नर व मादी यांचे गुणक वेगळे येतात का तेही पाहावे, आणि कोकरे मोठी झाली की पुन्हा तपासावे, कारण चार महिन्यांचा गुणक वर्षाच्या मेंढ्याला चालेलच असे नाही.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, मोहोळ
गुणकाची सूचना योग्य आहे. आता औषधाविषयी. अल्बेंडाझोल किलोमागे 5 मिलिग्रॅम धरले तर 20 किलोच्या कोकराला 100 मिलिग्रॅम, म्हणजे अडीच टक्के द्रावणाचे 4 मिलि लागतात. वजन कमी धरून औषध कमी पाजले तर जंत पुरते मरत नाहीत आणि जे तग धरतात त्यांची पुढची पिढी त्याच औषधाला दाद देत नाही. म्हणून आकारानुसार गट पाडून प्रत्येक गटातील सर्वांत वजनदार कोकराच्या हिशेबाने मात्रा द्यावी. लेव्हामिसोलसारख्या औषधात जादा मात्रा धोक्याची असल्याने तेथे मात्र गट लहान ठेवावेत आणि मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

माणकाठचा मेंढपाळ, सांगोला
दोघांचेही आभार. बाजारात व्यापाऱ्यासमोर टेपचा आकडा धरून भांडता येईल का?

मंगळवेढ्याचा एक मेंढपाळ
भांडता येईल, पण तो मानणार नाही. विक्रीच्या आदल्या सायंकाळी ती कोकरे काट्यावरच तोलून घ्या. टेप घरच्या हिशेबासाठी ठेवा.