नीटच्या मार्कांत माणूस दिसतो का? मुलीने विचारलंय, मला उत्तर देता येत नाहीये

भांडुपची_आई

नमस्कार. मुलगी बारावीला आहे, मेडिकलच्या प्रवेशाची नीट द्यायचीय म्हणून इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि क्लास एकत्र) घातलंय. सकाळी सहा पन्नासची लोकल पकडून ठाण्याला जाते ती रात्री आठला घरी येते, जेवते आणि परत ओएमआर शीट घेऊन बसते, घड्याळ लावून काळ्या पेनाने गोल रंगवत. अभ्यासाबद्दल माझी काही तक्रार नाही.

दिवाळीनंतर माझ्या सासूबाई महिनाभर हॉस्पिटलात होत्या. तिथे एक डॉक्टर रोज यायचे, फाइल बघायचे, आमच्याशीही फाइलकडे बघूनच बोलायचे, आणि सासूबाईंना तर एकदाही काही विचारलं नाही. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या हो! कवळी काढून ठेवलेली म्हणून परक्यासमोर तोंड उघडायची लाज वाटायची त्यांना, एवढंच. हे माझ्या लेकीच्या लक्षात आलं. राउंडच्या आधी कवळी धुऊन ती त्यांच्या हातात द्यायची.

परत येताना मला म्हणाली, आई, त्या १८० प्रश्नांत हे कुठे विचारतात? मी रुग्णाशी नीट वागेन की नाही हे न बघताच मला घेणार, मग मी त्या डॉक्टरांसारखी होणार नाही कशावरून?

मला काही बोलता आलं नाही. कॉलेजवाले निवडताना किंवा पुढे शिकवताना हे बघतात का? कोणी आतलं असेल तर सांगा प्लीज.

परळचा_इंटर्न

काकू, खरं सांगतो, निवडताना नाही बघत. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायो ९०, बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा, ७२० पैकी जे येतील त्यावर रँक आणि रँकवर कॉलेज. मला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही की बाबा तुला डॉक्टर का व्हायचंय.

शिकवताना मात्र बघतात, पण कोण शिकवतंय त्यावर आहे. २०१९ पासून अभ्यासक्रम बदललाय, एटकॉम म्हणून एक भाग आलाय त्यात रुग्णाशी कसं बोलायचं, संमती कशी घ्यायची हे शिकवतात, पहिल्या वर्षापासून थोडं वॉर्डात नेतात, आणि नंतर त्यात भर पडली, पीएसएममध्ये (म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय) प्रत्येकाला काही कुटुंबं दत्तक देतात त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जायचं असतं. कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात एका खाटेभोवती आम्ही पंधरा-वीस जण उभे असायचो, मागच्यांना पेशंटचा चेहराही दिसायचा नाही.

माझं सांगतो. सेकंड इयरला मेडिसिनची पोस्टिंग होती, ओपीडीत एक काका आले, डायबेटिस, इन्सुलिनवर, आणि शुगर काही केल्या खाली येईना. सरांनी मला हिस्टरी घ्यायला बसवलं. मी वीस मिनिटं प्रश्न विचारले, कधीपासून आहे, घरात कुणाला आहे, किती युनिट घेता, इंजेक्शन कुठे टोचता, जेवण काय, सगळं लिहून काढलं आणि केस प्रेझेंट केली. सर म्हणाले ठीक आहे, मग काकांकडे वळले आणि विचारलं, बाटली कुठे ठेवता? काका म्हणाले, माळ्यावर. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण पाळीने झोपायला, फ्रीज नाही, वर पत्रा, आणि एप्रिल महिना! ते बिचारे रोज न चुकता टोचत होते पण औषध उकाड्याने खराब झालेलं. सरांनी डोस तसाच ठेवला, नवीन बाटली दिली, आणि मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात छोटं मडकं कसं ठेवायचं आणि बाटली त्यात कशी ठेवायची ते स्वतः कागदावर काढून दाखवलं. मला इन्सुलिनचे सगळे प्रकार तोंडपाठ होते. माळ्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारतो, घरी कोण असतं, औषध कुठे ठेवता. ओरडून ओरडून कोणी शिकवलं असतं तरी एवढं पक्कं बसलं नसतं. तुमची मुलगी कवळी बघते ना, तिला हे लवकर येईल. फक्त कामाच्या ओझ्याखाली ते जाऊ देऊ नको म्हणावं, कारण जातं. चोवीस तास जागा असलो की मीसुद्धा फाइलशीच बोलतो, मग वॉर्डातल्या मावशी हटकतात, डॉक्टर, आजींकडे बघा तरी.

बायो_शिकवतो

ताई, मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतोय. लोकांना वाटतं इंटरव्ह्यू ठेवला की चांगले डॉक्टर निवडले जातील. मला ते पटत नाही. २०२४ ला तेवीस लाखांवर मुलं परीक्षेला बसली, एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. एवढ्यांचा इंटरव्ह्यू घेणार कोण, आणि घेतला तर वशिला कुणाचा चालणार हे आपल्याला माहीत आहे. माझ्याकडे चाळीतली, घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं येतात. ओएमआर शीटला त्यांचं आडनाव कळत नाही, त्यांचं इंग्रजी कळत नाही. तेवढं एक दार तरी उघडं राहू दे. पेपर फुटतो तेव्हा पहिली मरतात तीही हीच मुलं, म्हणून २०२४ ला माझ्या जिवाची फार तगमग झाली.

इंटरव्ह्यू हवाच असेल तर पुण्याचं एएफएमसी आहे, तिथे नीटनंतर वेगळी परीक्षा आणि मुलाखत असते, पण ते सैन्याचं, मुलींना जागा मोजक्या.

आणि ८५ टक्के स्टेट कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, डोमिसाइलही लागतं. कागद आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूला रांगा लागतात.

वर्धेची_मुंबईत

सरांचं बरोबर आहे, पण वेगळं करून बघितलेलं एक ठिकाण आपल्याच राज्यात आहे. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. नीट यायच्या आधी त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि त्यात गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा. माझा मोठा भाऊ तिथला. दादा म्हणायचा पेपर काय, पाठ करूनही लिहिता यायचा. पण पहिले पंधरा दिवस आश्रमात राहायचं, झाडू मारायचा, सूत कातायचं, मग पहिल्याच वर्षी दत्तक गावात कॅम्प, घरोघरी जायचं, ते त्याला आयुष्यभर पुरलं. परीक्षा गेली, पण आश्रम आणि गाव तिथे राहिलेच आहेत. ताई, फॉर्म भरताना ते नाव लिस्टमध्ये ठेवा.

भांडुपची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिला सगळं वाचून दाखवलं. बायोच्या सरांचं ऐकून गप्प झाली, तिच्या वर्गात तशा दोन मुली आहेत. मडक्याचं मात्र दोनदा वाचायला लावलं. आमच्या शेजारचे काका इन्सुलिन घेतात, आज क्लासवरून आल्यावर दप्तर टाकून आधी त्यांच्याकडे गेली आणि विचारून आली. ते फ्रीजच्या दारात ठेवतात म्हणे. इंटर्न बाळा, ते चालतं ना? मला विचारायला सांगितलंय.

परळचा_इंटर्न

दारात चालतं काकू. फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून नको, गोठलेलं वापरायचं नाही. आणि तिला म्हणावं, बाटली उघडली कधी तेही विचार, त्यावर तारीख लिहून ठेवायला सांग.