अर्धा पेढा आणि राजवाड्याची फेरी
कुणीतरी लिहिलंय की शुगर (डायबेटिस) निघाली म्हणजे खाण्यातली मजाच संपली, तसं काय नाही हो. मी साताऱ्याचा, घरात कंदी पेढ्याचा बॉक्स कायम असतोच, अर्धा मोडून जेवणाबरोबरच खातो आणि मग लगेच राजवाड्यापर्यंत पायी फेरी, जेवणानंतर चाललं की शुगर कमी चढते, मशीनवर फरक दिसतो. एचबीएवनसी ही रक्ताची टेस्ट म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा हिशोब, टेस्टच्या आधी चार दिवस भात सोडून डॉक्टरांना फसवता येत नाही (करून बघितलंय 😄). खरा ताप म्हणजे लग्नात "एवढ्यानं काय होतंय" म्हणत ताटात जिलेबी टाकणारे पाव्हणे. आणि हो, शुगर तपासताना सुई बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, कमी दुखतं.