छोट्या बेटावरची निवांत सुट्टी : बडोदेकरांनो, तुमचे अनुभव लिहा

दिवाळीचे बेत घराघरांत शिजायला लागलेत. आमच्याकडे सुट्टी म्हणजे यादी : सोमनाथ, सासणगीर, जमलं तर दीव, आणि घरी आल्यावर दमलो म्हणून परत सुट्टी. एकाच छोट्या बेटावर तळ ठोकून, समुद्राकाठी नुसतं लोळून आलेल्यांनी इथे लिहावं. काय काय पाहिलं ते नको, दिवस कसा गेला ते सांगा.

दांडिया बाजारातून
आमचं दीव ठरलेलं. रात्री बडोद्याहून स्लीपर बसमध्ये बसायचं, सकाळी दीव. पुलावरून गाडी थेट आत जाते म्हणून ते बेट आहे हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. आणि ‘दीवला चाललोय’ म्हटलं की समोरचा डोळा मिचकावतो, तिथे दारूबंदी नाही ना! अहो, सासूबाईंना घेऊन चाललोय!

नागवाचा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला, देखणाच आहे, पण सुट्टीत तिथे जत्रा भरते. आम्ही जालंधरला बसतो. वाटेत होक्याची झाडं लागतात. ताडाचाच भाऊबंद, पण याला चक्क फांद्या फुटतात. सासूबाईंना मात्र फुदमचं गंगेश्वर आवडलं. खडकाच्या कपारीत पाच पिंडी, भरतीची लाट आत येऊन अभिषेक करून जाते. कुठली लाट पाचही पिंडींपर्यंत पोचते आणि कुठली तिसरीपाशीच दम सोडते, हे त्या तासभर बघत बसल्या. ‘ही आळशी निघाली’ असं लाटेला म्हणत होत्या. किल्ला बघायचा राहिला, कुणाला काही वाटलं नाही.

पावसाळ्यात जाऊ नका. समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरू देत नाहीत.

कारेलीबागेतून
अंदमानचं नील बेट. 2018 पासून त्याचं नाव शहीद द्वीप, पण बोलताना सगळे नीलच म्हणतात. डिसेंबरात गेलो होतो. तेव्हा आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तिथे पाचलाच. घड्याळ एकच, पण ते बेट बडोद्याच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला. त्यामुळे दुपारची झोप काढून ‘चला, चहा घेऊन सूर्यास्त बघू’ हा आपला शिरस्ता तिथे चालत नाही. साडेतीनलाच लक्ष्मणपूरच्या वाळूत जाऊन बसायचं. सातला जेवण, साडेआठला सगळं घर आडवं. आमचे हे, जे इथे रात्री बारापर्यंत बातम्या बघतात, ते पहाटे पाचला उठून किनाऱ्यावर!

ओहोटीला भरतपूरचं पाणी लांब मागे सरतं आणि मेलेल्या प्रवाळाचे खडक उघडे पडतात. अनवाणी चालू नका, तळवे फाटतात. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या टोकाला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथेही ओहोटीलाच जायचं. खडकांमधल्या डबक्यांत समुद्रकाकड्या पडलेल्या असतात, काळ्या, गुबगुबीत, ढिम्म. नातवाने एकीवर पाच मिनिटं नजर लावली, ती हलली नाही, मग तोही तिच्याशेजारी बसून राहिला. शिंपले, प्रवाळ उचलून आणायला मात्र मनाई आहे.

शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. बेटावर भाजीपाला पिकतो, वस्ती बंगाल्यांची, वांग्याचे काप फर्मास मिळतात.

मांजलपुरातून
सरळच सांगते, मला दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. समुद्र तोच, वाळू तीच. वर वाळूतल्या बारीक माश्या चावल्या, घरी येऊनही पाय खाजवत होते. ज्यांना आवडतं त्यांनी जावं.

अलकापुरीतून
ताई, तुम्ही लक्षद्वीप बघा. तिथल्या अगत्ती बेटाची पट्टी इतकी चिंचोळी की विमान उतरताना दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पाणीच दिसतं. प्रवाळाचं कडं लाटा बाहेरच अडवतं, त्यामुळे आतलं पाणी संथ आणि उथळ. सूरसागर तलावाच्या काठी वाढूनही पोहायला न शिकलेला माझ्यासारखा माणूस छातीभर पाण्यात उभा राहून पायाजवळचे मासे बघत होता. प्रवेश परवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका. आणि अंघोळीला बादलीच पुरे. पावसाचं पाणी मुरून खाऱ्या पाण्यावर गोड्याचा पातळ थर साठतो, विहिरी त्याच्यावर. जास्त उपसलं की खारं वर येतं.

रावपुऱ्यातून
चिवडा नेणार असाल तर छोट्या पुड्या करून न्या. दमट हवेत मोठी पिशवी एकदा उघडली की संध्याकाळपर्यंत मऊ. थेपल्यांना काही होत नाही.

कारेलीबागेच्या काकूंना विचारायचं होतं, नीलच्या बोटीत चढता-उतरताना गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात का? बाबा बहात्तरचे आहेत.

कारेलीबागेतून
फळीवरून चालावं लागतं आणि बोट हलत असते, पण खलाशी हात धरतात. सामान आधी पुढे देऊन टाका, हात मोकळे हवेत. मळमळीची गोळी निघण्याआधी घ्यायला लावा, आणि सकाळची बोट धरा.