हौस, हाव की स्वार्थ? छान वस्तू हव्याशा वाटण्याला नेमका शब्द कोणता

वेलांटी : भाषांतरातली अडचण आहे. मूळ आशय असा : आपल्याकडे चांगल्या, देखण्या वस्तू असाव्यात असं वाटणं म्हणजे स्वार्थीपणा का? वाक्यात ‘हौस’ घातली तर प्रश्नच उरत नाही, हौस कुणालाही असते. ‘हाव’ घातली तर उत्तर आधीच देऊन टाकल्यासारखं होतं. ‘इच्छा’ फार कोरडा. आणि ‘स्वार्थी’ तरी इथे बरोबर आहे का?

काना_मात्रा : ‘स्वार्थी’पासून सुरू करू, खरी गडबड तिथेच आहे. स्वार्थ ‘साधतात’, आणि तो साधायला दुसरा माणूस लागतो, ज्याच्या वाट्याचं काही कमी होतं किंवा ज्याचा वापर करून घेतला जातो. ‘त्याने सुंदर पेन विकत घेऊन स्वार्थ साधला’ हे वाक्य व्याकरणात बसतं, पण असं कुणी बोलत नाही. ‘सगळ्यांच्या वर्गणीतून स्वतःसाठी पेन घेतलं’ म्हणा, लगेच शब्द चपखल बसतो. पेन तेच, बदलला तो पैसा कुणाचा एवढाच तपशील. म्हणजे नुसती वस्तू हवीशी वाटणं स्वार्थाच्या कक्षेतच येत नाही.

जवळचे दोन शब्द आणखी अरुंद आहेत. आप्पलपोटा म्हणजे वाटून घ्यायची गोष्ट एकट्याने गिळणारा. आपमतलबी म्हणजे कामापुरती ओळख ठेवणारा. चांगल्या वस्तूंची आवड असलेला माणूस या दोन्हींपैकी काहीच नसू शकतो.

अनुस्वार : हौस आणि हाव यांतला फरक अर्थ घोकून कळत नाही, शेजारचं क्रियापद बघा. हौस फिटते, भागते, पुरी होते. हाव सुटते, वाढते. ‘हाव फिटली’ कानाला खटकतं, कारण फिटली तर ती हाव कसली! दुसरी कसोटी : हौस दुसऱ्याची पुरवता येते (‘मुलांची हौस पुरवली’), केलीही जाते (‘सुनेची हौस केली’). हाव कुणी कुणाची करत नाही. हौसेत दुसऱ्याला जागा आहे, हावेत नाही.

‘सोस’ या दोघींच्या मधला. ‘तिला साड्यांचा सोस आहे’ यात दोष आहे, पण सौम्य, आणि तो बहुधा बघणाऱ्याने दिलेला असतो. ‘मला साड्यांचा सोस आहे’ असं म्हणणारी बाई स्वतःचीच थट्टा करत असते.

गंमत म्हणजे ‘हौस’ आली अरबी-फारसी ‘हवस’वरून. हिंदीत त्याच शब्दाला वासनेचा वास आहे. मराठीत ती इतकी धुऊन निघाली की बिनपैशाच्या नाटकवाल्याला आपण ‘हौशी नट’ म्हणतो. ज्याला त्यातून काही मिळवायचं नाही, तो हौशी!

रफार : ‘हौस’ला एवढं सोवळं करू नका. ‘फिटली का हौस?’ हा प्रश्न प्रेमाने क्वचितच विचारला जातो. ‘मला काय हौस आली होती?’ म्हणजे नाइलाज होता. आणि ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण अनेकदा बिल दुसऱ्याने भरायचं असतं तेव्हाच ऐकू येते. जत्रेत हौसे, नवसे आणि गवसे येतात म्हणतात. तुमच्या मूळ वाक्यातला माणूस हौसा आहे, पण वाचकाला संशय गवशाचा आहे. तो संशय भाषांतरात राहिला पाहिजे.

काना_मात्रा : मान्य. म्हणूनच ‘स्वार्थ’ हा शब्द प्रश्नात ठेवा, वस्तूंच्या बाजूला नको.

पूर्णविराम : मूळ मजकुरात पुढे ‘मटीरिअलिस्टिक’ येणारच, म्हणून आधीच सांगतो : ‘भौतिकवादी’ लिहू नका. भौतिकवाद किंवा जडवाद हे तत्त्वज्ञानातलं मत आहे, जड पदार्थ हेच मूळ मानणारं. ते मानणारा माणूस दोन सदऱ्यांवर वर्ष काढू शकतो. वस्तूंच्या मागे लागण्याला ‘चंगळवाद’ आहे. पण तो थेट टीकेचा शब्द, तटस्थ जागी चालणार नाही. ‘चंगळ झाली’ म्हणताना सगळे खूश असतात, ‘वाद’ लागला की बिघडतं.

‘चैन’चंही तसंच. ‘चैन पडेना’ यात अजून जुना, स्वस्थतेचा अर्थ टिकून आहे. ‘चैन करतो’ म्हटलं की उधळपट्टीची शंका. अर्थशास्त्रात मात्र ‘चैनीची वस्तू’ ही शिवी नाही : उत्पन्न 10 टक्के वाढलं आणि त्या वस्तूची मागणी 10 टक्क्यांहून जास्त वाढली, तर ती चैनीची. बस्स, नीतीचा संबंध नाही.

अनुस्वार : ‘लोभ’ राहिलाच. षड्रिपूंत तिसरा, आणि तरी पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ लिहीत आलो. माणसावर असला की माया, वस्तूवर असला की दोष. ‘लोभस’ मूल आणि ‘लोभी’ माणूस यांत फक्त प्रत्ययाचं अंतर आहे.

वेलांटी : मग असं करते : ‘चांगल्या वस्तूंची आवड असणं, त्या आपल्याकडे असाव्यात असं वाटणं, हा स्वार्थ आहे का?’ ‘इच्छा’ गाळली. पुढच्या परिच्छेदात दोष दाखवायचा आहे तिथे ‘हाव’ आणते.

रफार : चांगलं आहे. ‘हाव’ न आणताही तिथे दोष दाखवता येईल, शब्दयोगी अव्यय बदलून बघा. ‘हौसेखातर घर सजवलं’ आणि ‘हौसेपायी घर गहाण पडलं’. ‘पायी’ आलं की वाचक नुकसानीची वाट बघतो. ‘लोभापायी’, ‘हट्टापायी’, सगळे त्याच रांगेतले. ‘पोटी’ मात्र जपून : ‘हावेपोटी’ बसतं, पण ‘प्रेमापोटी’ही बसतं, त्यामुळे त्याने दोष लागत नाही, फक्त कारण कळतं.

वेलांटी : ‘हौसेपायी’ घेते.